घर बदलल्यावर वाईला एक मुक्काम

बिऱ्हाड हलवून तीन आठवडे झालेले असतात. गॅस जोडलेला असतो, शाळा सुरू झालेली असते, इंटरनेटवाला येऊन गेलेला असतो. तरी पंख्याचं बटण शोधताना हात अजून जुन्या घरातल्या उंचीवरच जातो. 'घरी' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे लातूरचं, अकोल्याचं नाहीतर जळगावचं घर उभं राहतं. वाकडच्या किंवा खराडीच्या नव्या फ्लॅटला ती 'इथे' म्हणतात. इथे पाणी किती वाजता येतं, इथे कावळे का येत नाहीत, इथून शाळा लांब आहे. या 'इथे'चं 'घरी' व्हायला खोकी उघडून भागत नाही. त्या घराकडे एकदा बाहेरून परत यावं लागतं.

पुण्यात नव्याने राहायला आलेल्या प्रत्येक कुटुंबाला म्हणूनच आग्रहाने सांगावंसं वाटतं, की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एका रात्रीसाठी बाहेर पडा. दोन रात्री नकोत. शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या पलीकडे नको. आणि पहिली सुट्टी मिळाली म्हणून जुन्या गावाला तर मुळीच नको. तिथून परत येताना मुलांना आपल्याला वसतिगृहात पोचवायला निघाल्यासारखं वाटतं. निरोप दुसऱ्यांदा घ्यावा लागतो, आणि दुसरा निरोप पहिल्यापेक्षा जड जातो. कारण पहिल्या वेळी सामानाची धांदल तरी असते. दिवाळीला जा, तोवर नव्या घराची चव थोडी तरी लागलेली असते.

कोकणही आत्ता नको. समुद्राची ओढ कितीही असली तरी ताम्हिणी उतरून दिवेआगर-हरिहरेश्वर गाठायचं म्हणजे जायला अर्धा दिवस, यायला अर्धा दिवस. सामान बांधून-सोडून आधीच मोडलेल्या पाठींना तेवढा प्रवास झेपत नाही. अशा वेळी उपयोगी पडतं ते एखादं छोटं, चालत फिरता येईल असं, नदीकाठचं गाव. पुण्याहून त्यासाठी वाईइतकी सोयीची जागा दुसरी नाही. अंतर पंच्याऐंशी ते नव्वद किलोमीटर, वाकड-हिंजवडीहून निघालात तर शंभराच्या आसपास. रस्ता सरळ बंगळुरू महामार्गाचा. वाईत कृष्णेचे घाट आहेत, तीन किलोमीटरवर मेणवली आहे, आठ-दहा किलोमीटरवर धोम धरण आहे. दीड दिवसाला एवढं भरपूर झालं. पाचगणी वरच्या अंगाला बारा-तेरा किलोमीटरवर दिसत राहील आणि कोणीतरी 'एवढं आलोच आहोत तर' म्हणेल. जाऊ नका. पसरणी घाटात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, वळणांनी मुलांच्या पोटात ढवळतं, आणि वर पोचल्यावर गाडी लावायला जागा शोधण्यात दुपार जाते. पाचगणी पुढच्या सहलीला ठेवा. आता तुम्ही इथलेच आहात, पुढची सहल होणारच आहे.

दिवस निवडताना दोन-तीन गोष्टी पाहाव्यात. पुण्यातल्या बदल्या आणि नवी बिऱ्हाडं बहुधा एप्रिल ते जूनमध्ये होतात, कारण शाळा जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भातून येणाऱ्यांना हे कॅलेंडर थोडं चटका देतं. तिकडे उन्हामुळे शाळा जूनअखेरीला सुरू होतात आणि इथे आठवडा-दोन आठवडे आधीच घंटा वाजते. म्हणजे पहिली सहल पडते ती जुलैत, भर पावसाळ्यात. वाईला त्याची भीती नाही. पाचगणी-महाबळेश्वर धुक्यात आणि धुवांधार पावसात बुडालेलं असतं तेव्हा खाली वाईत बऱ्याचदा भुरभुर असते, मध्येच उघडीप मिळते. संकष्टीचा दिवस टाळा, गणपतीच्या देवळात पाय ठेवायला जागा नसते. हिवाळ्यात जाणार असाल तर पौषातली मांढरदेवीची यात्रा टाळा, आणि फाल्गुनात रंगपंचमीच्या सुमाराची, वाईजवळच्या बावधन गावची बगाडाची यात्राही. बगाड पाहण्यासारखं आहेच, पण पहिल्या कौटुंबिक मुक्कामासाठी ती गर्दी नव्हे.

आता घराची तयारी. इथेच नवी कुटुंबं सगळ्यात जास्त चुका करतात, कारण घर अजून हाताखालचं झालेलं नसतं.

पहिली गोष्ट नळाची. नव्या इमारतीत पाण्याच्या वेळा अजून अंगवळणी पडलेल्या नसतात. निघायच्या गडबडीत कोणीतरी न्हाणीघरातला नळ फिरवतं, पाणी येत नाही म्हणून तसाच सोडतं, आणि सगळे खाली उतरतात. दोन तासांनी पाणी येतं. नळाखाली बादली उलटी नाहीतर जाळीवर कपडा पडलेला असला, की पाणी बाहेर हॉलमध्ये, तिथून खोक्यांच्या तळाला. म्हणून निघताना प्रत्येक नळ हाताने घट्ट फिरवून पाहायचा, आणि फ्लॅटचा मुख्य कॉक कुठे आहे ते शोधून तो बंद करायचा. बहुतेक ठिकाणी तो न्हाणीघराच्या माळ्यावर किंवा डक्टमध्ये असतो. भाडेकरूंना तो कोणी दाखवत नाही. घरमालकाला किंवा सोसायटीच्या प्लंबरला विचारून घ्या. एरवीही हे माहीत असायलाच हवं.

दुसरी गोष्ट बाल्कनीची. रिकामी खोकी, थर्माकोल, बुडबुड्यांचं प्लास्टिक हे सगळं पहिल्या महिन्यात बाल्कनीत रचलेलं असतं. पाऊस तिरपा आला की पुठ्ठा भिजतो, त्याचा लगदा होतो, थर्माकोलचे दाणे सुटतात आणि पाणी जाणाऱ्या जाळीवर जाऊन बसतात. मग बाल्कनीचा हौद होतो आणि पाणी उंबरा ओलांडतं. निघायच्या आदल्या दिवशी बाल्कनी मोकळी करा, जाळी उचलून खालचा कचरा बोटांनी काढा आणि एक बादली पाणी ओतून ते गरगरत खाली जातं का ते बघा.

गॅसचं रेग्युलेटर बंद, पाइपचा गॅस असेल तर भिंतीवरची कळ पाइपला आडवी. गिझरचं बटण बंद. फ्रीज चालू राहू द्या, पण त्यात दूध ठेवू नका. जुन्या घरून आणलेली तुळस कुंडीसकट बादलीत ठेवून, बादलीत दोन बोटं पाणी घालून सावलीत ठेवा. दीड दिवस छान राहते. शेजाऱ्यांना किल्ली देण्याइतकी ओळख अजून झालेली नसते, म्हणून नुसता फोन नंबर द्या. 'उद्या आम्ही वाईला जातोय, रविवारी दुपारी येऊ, काही वाटलं तर फोन करा.' एवढ्या एका वाक्याने समोरच्या दाराशी जेवढी ओळख होते तेवढी महिनाभर लिफ्टमध्ये मान हलवून होत नाही. खाली वॉचमनकाकांनाही तेच सांगायचं.

आणि परत आल्यानंतरचं घर निघण्याआधीच लावून ठेवायचं. सगळी खोकी उघडली नसतील तर नसोत, पण अंथरुणांचं खोकं उघडा, धुतलेल्या चादरी घाला, उशांना अभ्रे चढवा. एका डब्यात दीड वाटी तांदूळ आणि पाऊण वाटी मुगाची डाळ एकत्र करून ओट्यावर ठेवा, शेजारी हळद, हिंग, मोहरी, मीठ, तेल. चार माणसांची खिचडी. आल्यावर धुऊन सात वाट्या पाणी, तीन शिट्ट्या, मऊ खिचडी तयार. हे मुद्दाम आधी मांडून ठेवायचं, कारण दमून आल्यावर खोक्यातली हिंगाची डबी शोधावी लागली की सगळे बाहेरून जेवण मागवतात, आणि बाहेरचं जेवण मागवलेल्या घरात परतलं की ते पुन्हा लॉजसारखं वाटायला लागतं.

प्रवासाला दशम्या घ्या. दोन वाट्या कणकेला साधारण पाऊण वाटी दूध, दोन चमचे तेल, मीठ. पाण्याचा थेंब नाही. आठेक दशम्या होतात. पाण्याऐवजी दुधात मळल्याने त्या मऊ राहतात आणि दुसऱ्या दिवशीही खाता येतात. पण एक पथ्य आहे. तव्यावरून उतरल्यावर ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्यायच्या आणि मगच फडक्यात बांधायच्या. गरम बांधल्या की वाफ आत कोंडते, दशमी घामेजते आणि संध्याकाळी फडकं सोडलं की आंबूस वास येतो. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, तळलेल्या मिरच्या. सोलापूरची चटणी सामानातून आणली असेल तर तीच काढा.

गाडीचं म्हणाल तर, ती वाहतूकदाराच्या ट्रेलरवरून आली असेल तर आधी तिच्याकडे नीट बघायला हवं. ट्रेलरवर चढवताना टाकीत पेट्रोल मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, आणि चाकं पट्ट्यांनी आवळलेली असतात. हवा सकाळी टायर थंड असताना तपासा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं, पूर्ण बसलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो. मागच्या टायरची हवा सामान आणि माणसांसकट कमी पडली तर घाटात गाडी मागून बसल्यासारखी वाटते. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का पाहा. खेड-शिवापूरचा टोल जाताना-येताना दोन्हीकडे लागतो. नोंदणीपत्रावर जुना पत्ता असला तरी या सहलीला काही अडत नाही, पण पत्ता बदलल्याचं तीस दिवसांत कळवायचं असतं, हे याच निमित्ताने लक्षात ठेवा.

गाडी नसेल तर एसटीने जा, संकोच बाळगू नका. स्वारगेटहून वाईच्या गाड्या आहेत, महाबळेश्वर-पाचगणीच्याही वाईवरून जातात. मार्च 2023 पासून राज्यात एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीच्या पुढच्या आजी-आजोबांना प्रवास मोफत आहे, पासष्ट ते पंच्याहत्तरला निम्मं. आधार कार्ड जवळ हवं, त्यावर पत्ता अकोल्याचा असला तरी चालतं. वाईच्या स्टँडवरून घाट चालत गाठता येतात, मेणवलीला रिक्षा करावी लागते.

शनिवारी सकाळी सहाला निघा. शुक्रवारी संध्याकाळी निघायचा मोह होतो, पण हिंजवडीहून चांदणी चौक ओलांडण्यातच तुमचा उत्साह संपेल, आणि खराडी-हडपसरकडून कात्रजपर्यंत येण्यात एक तास सहज जातो. सकाळी सहाला मात्र वारजे, नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा हे सगळं मोकळं मिळतं. शिवापूर, कापूरहोळ, किकवी, आणि मग सारोळ्याचा पूल. इथे गाडीतल्या सगळ्यांना जागं करा.

पुलाखाली नीरा आहे. अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सातारा. नव्या गावात आलेल्या मुलांना इथला नकाशा दाखवायला यासारखी जागा नाही, आणि तो नद्यांनीच दाखवावा. पुण्याच्या बहुतेक नळांना खडकवासल्याचं म्हणजे मुठेचं पाणी, पिंपरी-चिंचवडच्या नळाला मुख्यतः पवनेचं. (इमारतीत टँकर येत असेल तर तो कुठून भरतो ते विचारा, तेही कळायला हवं.) पवना मुळेला मिळते, मुळा मुठेला, मुळा-मुठा भीमेला. ही नीराही पुढे भीमेलाच जाते. तीच भीमा उजनीत साठते आणि पंढरपुरात चंद्रभागा होते. सोलापूरहून आलेल्या घरात तर हे सांगताना मुलांचे डोळे चमकतात, कारण सोलापूरला उजनीचं पाणी येतं. म्हणजे ती काल ज्या नदीचं पाणी पीत होती तिच्याच उगमाकडे चार पावलं सरकली आहेत. लातूरची मांजरा गोदावरीला मिळते, जळगाव-अकोल्याचं पाणी तापीकडे जातं. त्या मुलांनी खरोखरच नदी बदलली आहे, आणि ते त्यांना स्पष्ट सांगावं. घर बदललं की नक्की काय बदलतं याचं मुलांना हवं असलेलं उत्तर बऱ्याचदा इतकं साधं असतं.

शिरवळ-खंडाळा मागे पडलं की खंबाटकीचा घाट. जुन्या रचनेत जाताना घाट चढायचा आणि येताना बोगदा. पाट्या बघत चला. चढावर जुन्या गाडीचा काटा तापाकडे सरकू लागला तर एसी बंद करा, काचा उघडा. तरीही चढत राहिला तर सुरक्षित जागी कडेला थांबा, पण रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि हातातोंडावर उसळतं. हा घाट म्हणजे दोन नद्यांमधला बांध आहे. चढेपर्यंतचं पाणी नीरेला, म्हणजे भीमेला. उतरल्यावरचं कृष्णेला. माथ्यावर पडलेल्या पावसाचे दोन थेंब इथे वेगळे होतात आणि थेट रायचूरच्या जवळ, भीमा कृष्णेला मिळते तिथे, पुन्हा एकत्र येतात.

घाट उतरून सुरूरच्या फाट्याला उजवीकडे वळायचं. दहा-बारा किलोमीटरवर वाई. दोन्ही बाजूंना ऊस, हळद, आणि समोर डोंगरांची रांग. साडेआठ वाजलेले असतील. खोली बाराशिवाय मिळणार नाही, म्हणून गावात न थांबता आधी मेणवली गाठा. सकाळी तिथे कोणी नसतं.

मेणवली नाना फडणवीसांना 1768 मध्ये सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या पंतप्रतिनिधींकडून मिळाली. नानांनी इथे सहा चौकांचा वाडा बांधला, मागे कृष्णेवर घाट बांधला. पेशवाईच्या इतिहासाची मोलाची कागदपत्रं याच वाड्यात जपली गेली, मेणवली दप्तर म्हणून अभ्यासक ती ओळखतात. वाडा खासगी मालकीचा आहे, कधी आत सोडतात, कधी दुरुस्तीसाठी बंद असतो. बंद मिळाला तर हिरमुसू नका. खरं ठिकाण मागे आहे, घाटावर.

तिथे छोट्या दगडी मंडपात एक घंटा टांगलेली आहे. मुलांना आधी काही सांगू नका. जवळ जाऊन बघू द्या. घंटेवर अंगाबरोबरच ओतलेली एक आकृती सापडते. कडेवर बाळ घेतलेली बाई. ती मेरी, आणि ते बाळ येशू. त्यानंतर आकडा शोधायला लावा: 1707. ही घंटा वसईच्या चर्चमधली. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली तेव्हा तिथल्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. त्यांतली ही एक, इथल्या मेणेश्वराच्या देवळाच्या वाट्याला आली. समुद्रकाठी दुसऱ्या देवासाठी ओतलेली घंटा दोनशेहून अधिक वर्षं कृष्णेच्या काठावर आहे. तिच्यावरची मेरी कोणी तासून काढली नाही. जोरजोरात बडवू नका, एकदा हलकेच वाजवा आणि नाद पाण्यावरून किती वेळ ऐकू येतो ते मोजायला सांगा.

नव्या गावात आलेल्या माणसाने इथे बसून आणखी एक गोष्ट आठवावी. नानांचं भानू घराणं मूळचं कोकणातलं, वेळासचं. वाईतली बहुतेक देवळं आणि घाट बांधणारे पेशव्यांचे सरदार रास्तेही कोकणातूनच वर आलेले. आज ज्याला आपण 'जुनी वाई' म्हणतो ती बाहेरून आलेल्या माणसांनी, आलेल्या जागी पाय रोवायचे म्हणून दगडात बांधलेली आहे.

घाटाच्या पायऱ्यांबद्दल सावध राहायला हवं. पावसाळ्यात पाण्यालगतच्या पाच-सहा पायऱ्यांवर शेवाळ असतं, आणि काळ्या दगडावर ते दिसत नाही. प्लास्टिकच्या चपला त्यावर काचेसारख्या सरकतात. मागे पट्टा असलेल्या, रबरी तळव्याच्या चपला हव्यात, आणि ओल्या पायरीवर मुलांचा हात सोडायचा नाही. पाणी गढूळ असेल तर पाय बुडवायलाही उतरू नका. वर धोम धरण आहे; पाणी सोडलं की नदी थोड्या वेळात पायऱ्या चढते, आणि खाली ऊन असलं तरी वर महाबळेश्वरात पाऊस पडत असू शकतो. दशम्यांचं फडकं वरच्या कोरड्या पायरीवर सोडा.

खोली ठरवताना फोनवर चार गोष्टी विचारायच्या: तळमजल्यावर आहे का, संडास कमोडचा आहे का, गरम पाणी किती ते किती वेळात मिळतं, आणि वीज गेली तर सोय काय. सोबत आजी-आजोबा असतील तर ही चार उत्तरं भिंतीच्या रंगापेक्षा फार महत्त्वाची. गणपती आळीच्या आसपास, चालत घाटावर जाता येईल अशी जागा बघा. आगाऊ पैसे पाठवण्याआधी तोच नंबर दुसऱ्या एखाद्या ठिकाणी दिसतो का ते ताडून पाहा, कारण खोट्या नंबरांवर पैसे घेऊन गायब होणारे आहेत. आजोबांच्या गोळ्या दोन दिवसांच्या सहलीला तीन दिवसांच्या घ्या आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नव्या गावात अजून आपला डॉक्टर ठरलेला नसतो, त्यामुळे अडचणीला जुन्याच डॉक्टरांना फोन लागतो, आणि त्यांना गोळीचं नेमकं नाव लागतं.

दुपारी झोपा. हे आळशीपणाने लिहिलेलं नाही. महिनाभर या घरात दुपारची झोप कोणाला मिळालेली नाही, आणि न उघडलेल्या खोक्यांच्या सहवासात ती लागतही नाही.

चार-साडेचारला ढोल्या गणपती. 1762 मध्ये गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं देऊळ, एकाच दगडातली भव्य मूर्ती. दर्शन झालं की देवळाच्या मागे जा. मागची भिंत सपाट नाही, माशाच्या आकाराची आहे, निमुळती, टोकदार. कृष्णेचा पूर येतो तेव्हा पाण्याचा लोंढा या टोकावर फुटतो, दोन्हीकडे वाटला जातो आणि भिंतीवर सगळा दाब येत नाही. मुलांना पाण्याच्या बाटलीतून फरशीवर धार सोडून आणि बोटं आधी आडवी, मग टोकदार जुळवून धरून हे दाखवता येतं. आडव्या बोटांवर पाणी साठतं आणि वर चढतं, टोकावर ते फाटून निघून जातं. पूर इथे दर काही वर्षांनी पायरी चढून येतो, आणि देऊळ उभं आहे.

शेजारी काशीविश्वेश्वर, समोर घोटीव काळ्या दगडाचा नंदी. घाटाच्या वरच्या अंगाला बसा आणि गाव बघा. वाईला दक्षिण काशी म्हणतात ते घाटांमुळे आणि इथल्या विद्येमुळे. मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी याच गावातून उभं केलं, त्याचं कार्यालय आजही वाईत आहे, आणि विश्वकोश आता मोबाइलवर फुकट वाचता येतो. त्यात 'वाई' ही नोंद काढून घाटावरच मोठ्याने वाचा.

रात्री लवकर जेवा. भाकरी, भरलं वांगं किंवा सातारी मटण, जे ज्याला आवडेल ते. स्ट्रॉबेरीच्या पाट्या तुम्हाला बाराही महिने दिसतील, पण शेतातली ताजी फळं हिवाळ्यात येतात, डिसेंबर ते मार्च हा भर. जुलैत मिळेल ते सिरप आणि क्रश. हंगामात गेलात तर खोकं उलटं करून तळातली फळं बघा. वरची नेहमीच लाल असतात. तोडल्यावर ती पिकत नाहीत, त्यामुळे देठाशी पांढरी असलेली घेऊ नका. न धुता न्या, खायच्या वेळी धुवा, आणि तापलेल्या डिकीत ठेवू नका. एरवी कंदी पेढे घ्या. पाव किलो घरच्यांना, पाव किलो समोरच्या दाराला.

रविवारी सकाळी वेळ मिळाला तर धोमला जाऊन नरसिंहाचं देऊळ बघून या. नाही मिळाला तरी काही बिघडत नाही. अकराच्या आत वाई सोडायची, हे मात्र पक्कं. रविवारी चारनंतर महाबळेश्वर, सातारा, कोल्हापूरकडची सगळी गर्दी एकाच रस्त्याने पुण्याकडे निघते. खंबाटकीला अडकते, टोलला अडकते, नवले पुलाला अडकते, आणि नऊला घरी पोचलेली मुलं रडत झोपतात. नवं घर त्यांना अंधारात, रागात आणि भुकेत भेटतं. ते उजेडात भेटायला हवं, यासाठी हा सगळा खटाटोप.

येताना कात्रजचा नवा बोगदा संपल्यावर नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचवायला काही अवजड गाड्या तिथे न्यूट्रलमध्ये उतरतात आणि ब्रेक तापून निकामी होतात. त्या उतारावर पुष्कळ अपघात झालेले आहेत. तुम्ही खालच्या गिअरमध्ये, डाव्या बाजूने, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून उतरा, आणि मागे ट्रक वेगाने येताना दिसला तर त्याच्या वाटेतून बाजूला व्हा.

दोनच्या सुमारास इमारतीच्या फाटकातून आत शिरताना वॉचमनकाका हात वर करतात. लिफ्टमध्ये धाकट्याला बटण दाबू द्या, दाराची किल्ली थोरल्याच्या हातात द्या. कोणत्या बाजूला फिरवायची ते त्याचं त्याला आठवू दे. समोरच्या दारी पेढे द्या. मुख्य कॉक उघडा, पहिल्या मिनिटाचं गढूळ पाणी वाहू द्या, मग तांदूळ-डाळ धुऊन कुकर लावा. शिट्ट्या होईपर्यंत पिशव्या रिकाम्या करा, दशम्यांचं फडकं भिजत घाला, आणि घाटावर भिजलेल्या चपला बाल्कनीत आडव्या न टाकता भिंतीला टेकवून उभ्या ठेवा, म्हणजे तळव्यातलं पाणी निथळून सकाळपर्यंत त्या वाळतील.